पाण्यातून काढलेलं कापड

आमच्याकडचा उन्हाळा धड उन्हाळाही नसतो. सकाळी नऊलाच अंगाची लाही लाही होते, दुपारी दोनच्या सुमारास आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो आणि चार वाजता पुन्हा ऊन. म्हणजे माणूस आधी घामाने भिजणार, मग पावसाने, आणि मग ओल्या कपड्यांत उकडून निघणार. अशा तीन महिन्यांत चांगलं दिसायचं कसं, या एका प्रश्नावर जिने आयुष्य घालवलं तिच्याविषयी मी सांगते आहे. मला तसा हक्क आहे की नाही हे तुम्हीच ठरवा. अकरा वर्षं मी तिच्या दुकानात काजं-बटणं आणि हातशिलाई केली, एवढं माझ्या बाजूने सांगून ठेवते.

गल्लीत तिला बादलीबाई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर. दुकानाच्या मागे लांबट गॅलरी होती आणि तिथे सात बादल्या ओळीने मांडलेल्या असत. नवं कापड दुकानात आलं की ते पहिल्यांदा बादलीत जायचं, म्हणजे जेवढं आटायचं तेवढं शिवण्याआधीच आटावं. दोन रात्री पाण्यात, मग सावलीत वाळवण, मग इस्त्री, आणि मग कात्री. दमट हवेत थान वाळायला तीन-तीन दिवस लागत. गिऱ्हाईक रडो, चिडो, दुसऱ्या शिंप्याकडे जायची धमकी देवो, न भिजवलेल्या कोऱ्या कापडाला ती कात्री लावत नसे.

"तुम्ही कपडे शिवता की धुता?" असं एकीने खवचटपणे विचारलं होतं.

"आधी धुते," ताई म्हणाली. "मी नाही धुतलं तर पाऊस धुईल. आणि तो अंगावर असताना धुतो."

मी तिला ताई म्हणायची. साठीला आलेली, काटकुळी, नाकावर चष्मा आणि गळ्यात टेप. पण रस्त्याने चालू लागली की लोक वळून बघत. भर पावसातून आली तरी कपड्याची घडी जागच्या जागी. तिचे नियम ठरलेले होते आणि विचारा न विचारा, ती ते ऐकवायची. छत्री धरली की पाणी दांड्यावरून मनगटावर येतं आणि तिथून बाहीत शिरून कोपरापर्यंत जातं, म्हणून बाही कोपराच्या चार बोटं वर संपली पाहिजे. घेर घोट्यापासून वीतभर वर, आणि खाली गडद पट्टी, म्हणजे चिखलाचे शिंतोडे पट्टीने सोसावेत. पाठीत एक खोल घडी, म्हणजे चालताना आत वारा खेळतो. खांद्यावर दुहेरी कापड, म्हणजे भिजलं तरी आतलं जगाला दिसत नाही. राखाडी रंगावर तर तिचा जुना राग. "चहाडखोर रंग आहे," म्हणायची. "जरा घाम फुटला की काखेतून गावभर सांगतो."

ऐट म्हणजे काय हे तिने मला एकदा सांगितलं होतं. सकाळी आठला सगळेच बरे दिसतात, संध्याकाळी पाचलाही जो तसाच दिसतो त्याला ऐट म्हणायचं. मला ते तेव्हा फार पटलं होतं, अजूनही पटतं.

दुकानात तिसरी होती तिची धाकटी जाऊ. ताईचे यजमान कधीच गेलेले. धाकटीचा नवरा मालाची गाडी घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. दोघी दुकानाच्या वर राहत, एकाच चुलीवर जेवत. ताई कापायची, धाकटी गिऱ्हाईक सांभाळायची. तिच्या जिभेवर साखर होती हे मला मान्यच करावं लागेल. भांडायला आलेली बाई तिच्याकडून आणखी दोन कपड्यांची मापं देऊन जायची. स्वतः मात्र बाजारातले चकचकीत तयार कपडे घालायची, आणि ताई त्यांना प्लॅस्टिक म्हणायची. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी दिवसातून चारदा वाजत असे.

आणि मी. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं केली आणि स्वतः गिऱ्हाइकांनी टाकलेल्या, विटलेल्या झग्यांत बसले. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल.

त्या वर्षी गावाबाहेर तळ्याकाठी नवं हॉटेल व्हायचं होतं. तिथली मॅनेजरबाई आमचं जुनं गिऱ्हाईक. ती स्वतः दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "फाटकापाशी पाहुण्यांच्या स्वागताला बारा जणी उभ्या राहणार. ऊन असो, पाऊस असो. संध्याकाळी पाचलाही त्या सकाळसारख्या दिसल्या पाहिजेत. असं कोण शिवतं ते मला माहीत आहे, म्हणून आले."

ताईने तिच्यासमोर काही दाखवलं नाही. ती गेल्यावर मात्र गॅलरीत जाऊन बराच वेळ उभी राहिली. मी मागे गेले तर म्हणाली, "आयुष्यभर एकेकीचं शिवलं. कोणी घरात घातलं, कोणी ऑफिसात. आता बारा जणी अख्ख्या गावासमोर पावसात उभ्या राहतील आणि माझा कपडा जागचा हलणार नाही. मग मला बादलीबाई म्हणा, नाहीतर आणखी काही." तिचे डोळे भरले होते. मोतीबिंदूमुळे असेल असं तेव्हा म्हणाली.

मोतीबिंदू खरंच होता. ऑपरेशनची तारीख सहा महिन्यांनी मिळाली होती आणि ती नेमकी त्याच दिवसांत आली. लेक दुसऱ्या गावी, दवाखाना तिच्या घराजवळ, म्हणजे दहा दिवस दुकानाबाहेर. जाण्याआधी ताईने बारा जणींची मापं घेतली, कागदाचे खाके कापले, अस्तराचं पांढरं कापड स्वतः भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवलं. वरचं निळं थान तेवढं गिरणीतून यायचं होतं. निघताना तिने धाकटीला बजावलं, "थान आलं की दोन रात्री बादलीत. नाहीच वाळलं तर तारीख पुढे ढकल. पण न भिजवता कापू नकोस." मग मला गॅलरीत ओढून हळूच म्हणाली, "तू लक्ष ठेव हं."

थान चार दिवस उशिरा आलं. आणि पाऊस असा लागला की गॅलरीतल्या दोरीवरचे रुमालसुद्धा वाळेनात. त्या दिवशी मी दुपारी जेवून परत आले तेव्हा धाकटी टेबलावर निळं कापड पसरून कात्री चालवत होती. बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या.

मी जाऊन सुईत दोरा ओवला. वाटलं, सकाळी भिजवलं असेल, इस्त्रीने वाळवलं असेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की काहीही पटवून घेतो. पण पहिल्या काजाला सुई घातली आणि हाताला कळलं. न भिजवलेल्या कापडात गिरणीची खळ असते. सुई आत जाताना बारीक कुरकुरते. अकरा वर्षांत माझ्या सुईने तो आवाज त्या दुकानात कधी ऐकला नव्हता.

"हे पाण्यातून काढलं नाहीये," मी म्हणाले.

"ताईंना फोन केला होता मी," धाकटी मान वर न करता म्हणाली. "म्हणाल्या, या वेळेस राहू दे. तारीख महत्त्वाची."

बादलीबाई 'राहू दे' म्हणेल? माझा विश्वास बसला नाही. मी एक फोन करू शकत होते, दुकानातच फोन होता. मी उठलेही असते. पण तेवढ्यात धाकटीने टेप उचलला आणि माझ्या खांद्याला लावला. "थानात बरंच उरतंय," ती म्हणाली. "तुझ्या अंगाला हा निळा शोभेल. किती वर्षं दुसऱ्यांची काजं करणार आहेस?"

तिने तो तेरावा कपडा खरोखर शिवला, बिनअस्तराचा. पाठीत घडी, कोपराच्या वर बाही, खाली गडद पट्टी, सगळं ताईच्या खाक्याप्रमाणे. मापं घ्यायच्या आरशासमोर मी उभी राहिले, आणि आरशात एक बाई होती जिच्याकडे रस्त्यावर लोक वळून बघतील. मी ती घडी मागे हात नेऊन दोनदा चाचपली. त्यानंतर मी फोनचा विषय काढला नाही. धाकटीने लाच दिली असं मी कितीतरी दिवस म्हणत राहिले. पण लाच घेणाराही लागतोच.

ताई दहाव्या दिवशी काळा चष्मा लावून परत आली. कपडे आदल्या संध्याकाळी हॉटेलवर पोचले होते. तिने पिशवी खाली ठेवली नाही, पाणी घेतलं नाही, सरळ गॅलरीत आली. मी तिथे गुंड्या निवडत होते. तिच्या मागे दारात धाकटी येऊन उभी राहिली, फडक्याला हात पुसत, आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

"निळं पाण्यातून काढलं होतं ना?" ताईने मला विचारलं.

फोन झालाच नव्हता, हे त्या एका प्रश्नाने कळलं. धाकटी माझ्याशी धडधडीत खोटं बोलली होती. रागाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याच क्षणी मला आठवलं की तो तेरावा कपडा माझ्या टेबलाखालच्या पिशवीत आहे.

"हो ताई," मी म्हणाले. "दोन रात्री."

दोन रात्रींचं मला कोणी विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं. ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू होतीस म्हणून मी तिकडे निवांत झोपले."

तीन दिवसांनी हॉटेलच्या उद्घाटनाला आम्हा तिघींना बोलावणं होतं. मी तो निळा कपडा घालून गेले. घालायला दुसरं चांगलं काही नव्हतं हे एक, आणि मला तो घालायचा होता हे दुसरं. दुकानाच्या दारात ताई थबकली. धाकटी घाईघाईने म्हणाली, "उरलेल्याचा शिवून दिला तिला." ताई हसली. "छान दिसतेस गं," म्हणाली आणि सवयीने घेर हातात घ्यायला वाकली. मी मागे सरले. तिच्या बोटांना कापड कळतं, चष्मा काळा असो की पांढरा. "चला, गाडी चुकेल," मी म्हणाले.

त्या दुपारी बारा जणी फाटकापाशी दोन ओळींत उभ्या होत्या, आणि खरं सांगते, तसं देखणं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. ऊन रणरणत होतं आणि पाहुणे बाया-पुरुष घामाने निथळत, कपडे अंगाला चिकटलेले, असे गाड्यांतून उतरत होते. आणि या बारा जणी ताज्या, सुटसुटीत. दोन-तीन बायकांनी मॅनेजरबाईला तिथेच विचारलं, कोणाकडून शिवले. तिने ताईकडे बोट दाखवलं. ताई ताठ उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून मी नजर दुसरीकडे वळवली.

दोन वाजता पाऊस आला. छत्र्या घेऊन मुली गाड्यांपर्यंत जात, पाहुण्यांना आत आणत, पुन्हा जात. पाहुणे कोरडे राहिले, मुली निथळल्या, आणि कडेला उभी असलेली मीही चिंब भिजले. तरी तासभर काही कळलं नाही. खांद्याचं दुहेरी कापड होतं, बाह्या आखूड होत्या, सगळं ताईने म्हटल्याप्रमाणे चाललं होतं. मग ऊन पडलं आणि कपडे अंगावर वाळायला लागले.

आधी एकीच्या निळ्या घेराखालून पांढरं अस्तर डोकावलं. मग दुसरीच्या. निळं कापड आटत वर चाललं होतं आणि पाण्यातून काढलेलं अस्तर होतं तिथेच होतं. पाच वाजेपर्यंत बाराही जणींच्या खाली तीन बोटं पांढरी पट्टी लोंबत होती. पाठीतल्या घड्या ताणून सपाट झाल्या. एकीने नमस्काराला हात वर केला आणि तिचं पाठीचं बटण तुटून फरशीवर गडगडत गेलं. पाहुण्यांतलं कोणीतरी फिस्सकन हसलं, मग बरेच जण हसले. एक मुलगी रडायला लागली. माझ्या कपड्याला अस्तर नव्हतं, म्हणून बाहेरून काही दिसलं नाही, पण बाह्या काखेत अशा आवळल्या की मला हात उचलता येईना.

ताई सावकाश चालत त्या रडणाऱ्या मुलीपाशी गेली. खाली बसली. अंगठा आणि बोट यांत आधी निळं कापड चोळलं, मग अस्तर. मग मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. खांद्यापासून घेरापर्यंत त्या कपड्याकडे.

मॅनेजरबाई तणतणत आली. "हे काय झालं?"

"ताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना," धाकटी तिच्या त्या गोड आवाजात म्हणाली. "वय झालं, भिजवायचं लक्षात राहिलं नसेल."

केसाने गळा कापणं मी ऐकून होते, ते त्या दिवशी समोर पाहिलं. माझ्या तोंडात खरं काय ते तयार होतं. एक वाक्य. मी ते बोलले असते तर निदान त्या बायकांसमोर ताईचं नाव राहिलं असतं. पण लगेच कोणीतरी विचारलं असतं, मग तू काय करत होतीस. मी आवळलेल्या बाह्यांत हात तसेच खाली धरून उभी राहिले.

ताईनेही माझी वाट पाहिली असावी. मग ती उठली. "दुकान माझं आहे," म्हणाली. "परवा सकाळी सगळे नीट करून आणते."

त्या रात्रीपासून ती एकटी बसली. बाराही कपडे उसवले, आटायचं ते कापड आता आटलंच होतं म्हणून नुसती इस्त्री फिरवली, कडांना आणि बगलांना गडद पट्ट्या जोडून वाढवले. शब्द दिल्याप्रमाणे पोचवलेही. हॉटेलने ते वापरले, पण त्या बायकांतली एकही आमच्या दुकानाची पायरी चढली नाही. आणि त्या दोन दिवसांत तिने मला एक काज करायला दिलं नाही. तिची काजं कधीच चांगली होत नसत. डोळ्यांत औषध घालून ती वेडीवाकडी काजं घालत होती आणि मी समोर हातावर हात ठेवून बसले होते. मला रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर मी पायांवर लोटांगण घातलं असतं. ती मला चहा विचारत होती.

धाकटीशी मात्र तिचं कडाक्याचं भांडण झालं. भांडी आपटली, अबोला धरला. आणि पंधरा दिवसांत दोघी पुन्हा एका ताटलीतून शेंगा सोलायला बसल्या. मी दारातून त्यांचं हसणं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. कापलं कोणी, खोटं पहिलं कोण बोललं, चारचौघांत कोणी नाव घालवलं? आणि हसणं तिच्याच वाट्याला?

धाकटी वर गेल्यावर मी ताईसमोर जाऊन उभी राहिले. "ताई, मी खोटं बोलले होते."

"माहीत आहे." ती मशीन पुसत होती.

"तुम्ही फोनवर हो म्हणालात असं मला धाकटीने सांगितलं होतं."

"सांगितलं असेल."

"मग तिच्याशी हसता-बोलता आणि मला काम देत नाही. मी फक्त हो म्हणाले."

ताईने फडकं खाली ठेवलं. "तिच्यावर मी कधी विसंबलेच नव्हते," ती म्हणाली. "तिने फसवलं म्हणून माझं काय नवीन गेलं? ती खरं सांगणार नाही हे माहीत होतं, म्हणून तर तुला विचारलं."

मी रडले. तिने मला रडू दिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चार शर्ट ठेवलेले होते, काजांसाठी. मला वाटलं, झालं, मिटलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. मी अजून तिथेच काम करते. ताई वाईट वागत नाही, आजारी पडले तर घरी येऊन बसते. मागच्या आठवड्यात एक नवीन गिऱ्हाईक आलं. तिने टेबलावरचं हिरवं कापड बघून मला विचारलं, "हे पाण्यातून काढलंय ना?" मीच ते दोन रात्री भिजवलं होतं, मीच वाळवलं होतं. "हो," मी म्हणाले.

"थांबा हं," आतून ताईचा आवाज आला. ती बाहेर आली, माझ्या हातातून कापडाचं टोक घेतलं, अंगठ्याने आणि बोटाने चोळून बघितलं, आणि मग त्या बाईला म्हणाली, "हो. काढलंय."